चौथ्या मांडणीवरची रोपं

१

धनराज रोज ज्या ड्रममध्ये तंबाखूची रोपं उलटी धरून बुडवायचा, त्याच ड्रममध्ये त्या दुपारी तो स्वतः उलटा सापडला. रोपं दोन मिनिटांनी बाहेर काढायची पद्धत होती. धनराजला बाहेर काढायला कोणी आलंच नव्हतं.

भिवाजी अंभोरे पॉलीहाऊसच्या दारात उभे राहून त्या दोन पायांकडे बघत होते. नोकरीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण पंचगिरीतून सुटका काही होत नव्हती. जऊळक्याच्या आसपास पंचनामा कसलाही असो, ठाणेदाराला दोन पंच लागत. एक कोणीही चालायचा आणि दुसरे भिवाजी असायचे. छत्तीस वर्षं कृषी सहायक म्हणून त्यांनी गारपिटीचे, बोंडअळीचे, वाहून गेलेल्या बांधांचे पंचनामे केले होते. बुडालेलं पीक काय आणि बुडालेला माणूस काय, कागदावरचे रकाने थोड्याफार फरकानं तेच.

"ओढा," ठाणेदार गोविंदसिंग म्हणाले.

दोन शिपायांनी पाय धरून ओढलं. पाणी आधी गुलाबी दिसत होतं, धनराज वर आला तसं लाल झालं. मानेवर तीन घाव होते. पहिल्या दोन घावांनी मांस फाडलं होतं, तिसऱ्यानं काम संपवलं होतं. डाव्या हाताचा तळवा हाडापर्यंत चिरलेला. म्हणजे गड्यानं पातं मुठीत धरलं होतं, सोडलं नव्हतं. एका शिपायानं तोंड फिरवलं आणि जवळच्या रोपांवर ओकला. दुसऱ्या पंचानं एवढं पाहिलं आणि जो पळाला, तो थेट रेल्वेफाटक ओलांडूनच थांबला म्हणतात.

जागा इंदरचंद शेठची. वाशीमचे जुने जैन व्यापारी. स्टेशनपासून दीड मैलावर त्यांच्या वावरात हे प्लास्टिकचं लांबडं घर उभं होतं. आत तंबाखूची एक रानटी चुलतबहीण वाढायची. खर्ऱ्यात टाकली तर खाणारा देणाऱ्याच्याच अंगावर थुंकेल, अशी चव. पण तिचं जनुक बदललेलं होतं. ड्रममधल्या जंतूंच्या पाण्यात उलटी बुडवली, की सहा दिवसांत तिच्या पानात सापाच्या विषाला गाठून निकामी करणारं प्रथिन तयार व्हायचं. व्हायला हवं, असं तरी ठरलेलं होतं. मग पानं कापायची, पिळायची आणि रस काचेच्या नळ्यांत भरून तपासणीला वाशीमला पाठवायचा. सोयाबीन सोंगताना ज्या मुलखात दर हंगामाला साप चावून माणसं जातात, त्या मुलखात याला लहान गोष्ट कोण म्हणेल?

मांडण्या सहा होत्या. पाचांवर रोपं डुलत होती. चौथी रिकामी होती. सात ट्रे, एकेका ट्रेमध्ये वीस कुंड्या, एकशेचाळीस रोपं कुंड्यांसकट गायब. आणि गंमत अशी की जमिनीवर एक पान पडलेलं नव्हतं.

"ड्रमात आनखी काही हाये," शिपाई म्हणाला आणि कोपरापर्यंत हात घालून त्यानं एक विळा वर काढला. मुठीला निळ्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती.

भिवाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चिंधी निळीच राहिली. विळा त्यांच्या धाकट्या बहिणीचा, इथंच पानं कापायच्या कामावर असलेल्या चंपाबाईचा होता.

२

मालेगावहून शववाहिका निघेपर्यंत किन्हीराजाहून दोन टेम्पो येऊन थांबलेसुद्धा. धनराज तिथला. पहिल्या टेम्पोतून त्याचा थोरला भाऊ रामसिंग उतरला आणि मागून पंधरा-वीस माणसं. विळा कोणाचा ही बातमी त्यांच्या आधी उतरलेली होती.

चंपाबाई बाहेर बाभळीखाली बसली होती. बावन्न वर्षांची, काटक, जिभेनं विळ्याहून तिखट. तिनं माणसं येताना पाहिली आणि उठायच्या आत रामसिंगची काठी तिच्या जबड्यावर बसली. मग कोणाची काठी, कोणाचा बूट, कोणाचा हात, याचा हिशेब ठेवण्याच्या स्थितीत कोणी नव्हतं. एकानं केस धरून तिला बांधापर्यंत फरफटत नेलं. तिनं त्याचा अंगठा दातांत धरला आणि तो सोडायच्या बदल्यात स्वतःचा एक दात दिला.

"माह्या भावाले डुकरावानी कापला इनं! इथंच गाडतो हिले!" रामसिंग ओरडत होता.

भिवाजी धावले. धावले म्हणजे सहासष्ट वर्षांचा माणूस धावतो तेवढे. ते बहिणीवर आडवे पडले, आणि पुढच्या दोन काठ्या त्यांच्या पाठीवर आल्या. तिसरी यायच्या आत गोविंदसिंगांनी पुढच्या दोघांची डोकी नारळासारखी एकमेकांवर आपटली. नारळ फुटले नाहीत, पण गर्दी फुटली.

जीपमध्ये बसताना चंपाबाई रक्त थुंकत म्हणाली, "दात पाहा रे माहा तिथं कुठं. सोन्याचा नाई, पन माहा हाये."

गोविंदसिंगांनी पंचनाम्याचा कागद बोनेटवर पसरला. "काका, सही."

"सख्ख्या भावाची सही चालते का तिथं?"

"चालत नाई. पन आज दुसरा हाये कोन? एक पंच पयाला."

"मंग उद्या नऊ वाजता पाहू," भिवाजी म्हणाले. "तिनं मारला असन तं म्या सोता सही करीन. तिचं नाव, बापाचं नाव, सारं लिहून देतो."

ठाणेदारांनी कागदाची घडी घातली. माणूस मारकुटा होता, पण आंधळा नव्हता. "उद्या अकराले तिले मालेगावच्या कोर्टात उभी कराची हाये. नऊपर्यंत देतो टाइम."

रामसिंगनं ते ऐकलं. तो जमिनीवर बसूनच बोलला, आणि आता ओरडत नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "कोर्ट दूर हाये, ठाणेदार. रस्ता आमचा हाये. तुमी तिले घेऊन निघा तं खरं."

३

ठाण्याच्या कोठडीत चंपाबाई जबड्याला ओला फडका धरून बसली होती.

"दादा, उद्या पुनव. विहारात वर्षावासाची सांगता हाये. खिरीचं दूध माह्याकडं होतं. सांग त्या बायायले, का चंपा खून करून राह्यली, टाइम नाई तिले."

"गप. सकायी काहून भांडली तू धनराजशी? अख्ख्या जागेनं ऐकलं म्हन्ते."

"म्या नाई भांडली, तो भांडला. मले म्हने चौथ्या मांडनीवर सावली बी पाडू नको. म्या म्हटलं, का रे बाप्पा, लगन हाये का तिचं? तं म्हने, लगनच समज, उद्या पावने येऊन राह्यले." ती हसायला गेली आणि कळवळली. "पोरगं चांगलं होतं रे. एक एक झाड लेकरावानी उचलाचं."

"इळा कुठं होता तुहा?"

"खुटीले. आज चौदस ना. शेठजीचा हुकूमच हाये, आठम-चौदसले या जागेत हिरवं कापाचं नाई. त्या दिशी इळा खुटीले अन् हात पोछ्याले. पोछा मारला, एकाले भाकर घेऊन बाभयीखाली गेली, तिथंच डोया लागला."

"कोनी आलं-गेलं?"

"डोया लागेपर्यंत तं समोरून कोनी नाई. मांगच्या फाटकाशी श्रेयांसशेठची जीप होती, रोजच्यावानी. शेठजी कोठीत जप करत होते, ते पोरगी त्रिशला तिच्या खोलीत होती." मग तिला एकदम राग आला. "अन् मले सांग, चोरीच कराची असती तं म्या एकशेचायीस झाडं दहा मिन्टात सोंगून पोत्यात कोंबली असती! कुंड्या उचलाले मी का रेल्वेची हमाल हावो?"

भिवाजी जाळीला धरून उभे राहिले. पाठ ठणकत होती. बहिणीच्या बाजूनं भावाला काहीही पटतं, म्हणून ते स्वतःशी जरा कडकच वागले. पण ते वाक्य काही डोक्यातून हलेना. विळा हातात आहे. त्यानं नुकताच माणूस कापला आहे. पानं हवी आहेत. आणि चोर मात्र ओझी उचलतोय.

संध्याकाळी शेठचं घर ठाण्यात आलं. त्रिशला ही इंदरचंदांची पुतणी. एकोणतीस वर्षांची, शिकून आलेली. रस तपासायचं काम तिचं. तिचे डोळे रडून सुजले होते, पण बोलणं सरळ होतं.

"काका, उद्या दहाला पुण्याच्या कंपनीची माणसं येणार होती. बुडवून सहा दिवस फक्त चौथ्या मांडणीचेच भरताहेत, तिची पानं ते स्वतःच्या हातानं कापणार, तिथंच पिळणार, तिथंच तपासणार. पसंत पडलं तर मोठा करार. धनराजनंच ही अट घालायला लावली त्यांना."

"एरवी कसं चालाचं?"

"रस नळ्यांत भरून श्रेयांसदादा जीपनं वाशीमला आणायचा, मी तपासायची. तीन महिने आकडे सुंदर येताहेत." ती थांबली. "आज सकाळी धनराजनं माझ्याकडे एक विचित्र वस्तू मागितली. घोड्याचं रक्त ओळखायची पट्टी. मी म्हटलं, आपल्याकडे घोडा कुठाय? तो म्हणाला, तेच शोधतोय."

"दिली?"

"वाशीमहून उद्या आणते म्हटलं." मग आवाज खाली आणून, "अजून एक सांगते, मोठ्या काकांना सांगू नका. आज चौदस असून मी दुसऱ्या, अजून न बुडवलेल्या मांडणीची दोन पानं कात्रीनं कापली. तपासणीला हवीच होती. चंपामावशीनं पाहिलंय. पाप असेल तर माझ्या नावावर."

इंदरचंद काठी टेकत आले. दोन्ही गुडघे बदललेले. खुर्चीत बसताना दोन शिपाई लागले. उपास होता, सूर्यास्त झाला होता, पाणीही घेणार नव्हते. त्यांनी भिवाजींचा हात धरला आणि म्हातारा रडायलाच लागला. "भिवाजी, माह्या जागेत आज पान नाई कापू देल्लं म्या. अन् मानूस कापला!"

सर्वांत शेवटी त्यांचा मुलगा श्रेयांस आला. चौतिशीचा, हसरा, सगळ्यांचा दोस्त. ठाण्यासाठी गरम कचोऱ्यांचा पुडा घेऊनच आला. "घ्या साहेब, घ्या काका. उपाशीपोटी तपास होत नसते."

"तुमची चौदस?" गोविंदसिंगांनी विचारलं.

"बाबांची. मी कशाले पाळू? मले धाब्यावर पाहा ना कधी." त्यानं कचोरीचा लचका तोडला. सोबतची तळलेली हिरवी मिरची देठाला धरून उचलली आणि शिपायाच्या कागदावर ठेवून दिली. भिवाजींनी ते पाहिलं. स्टेशनवरच्या कँटीनला एका कचोरीमागं चार मिरच्या खाऊन पैज जिंकणारा श्रेयांस त्यांना ठाऊक होता. सगळ्या जऊळक्याला ठाऊक होता.

"सोपं आहे काका," श्रेयांस म्हणाला. "दुसरी एखादी कंपनी असन. त्यायले झाड जिवंत पाहिजे, मनून कुंड्यांसकट नेलं. चंपाबाईले फोडलं, धनराज आडवा आला, तं कापला."

"तुमी कुठं होते एक ते दोन?"

"रोजचंच. नळ्या घ्याले जीप घेऊन आलो, घेतल्या, वाशीमले गेलो."

भिवाजी मान डोलावत राहिले. श्रेयांसच्या पँटच्या मोहरीत पिवळसर चुरा अडकला होता. तुरीची चुनी, डाळ भरडताना निघते ती. शेठची डालमिल जूनपासून बंद होती, नवी तूर यायला अजून तीन महिने होते.

त्यांनी घसा खाकरला आणि आयुष्यातलं पहिलं सरकारी खोटं बोलले. "बरं झालं बाप्पा. उद्या नवाले वाशीमहून कुत्रं येऊन राह्यलं. गावातलं एक एक गोदाम हुंगते म्हने. झाडं सापडली का त्रिशलाबाई तपासतीनच. पान शिळं झालं तरी दोन दिवस कळते, हो ना बाई?"

"हो," त्रिशला म्हणाली.

ठाणेदार गोविंदसिंग भिवाजींकडे बघतच राहिले. त्यांनी कुठलंही कुत्रं बोलावलेलं नव्हतं.

४

"काका, तुमी पंच हाये का ठाणेदार?"

"पंचच हावो. म्हनूनच म्हन्तो, सकायी सहाले डालमिलवर या. तुमी मांगच्या दारानं, मी समोरच्या."

सव्वासहाला भिवाजी चुनीच्या पोत्यांमागं बसले होते. मिल पत्र्याची, प्रचंड, उंदरांच्या ताब्यातली. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी चौकोनी रांगेत मांडलेलं होतं. जीपचा आवाज आला. श्रेयांस आत आला, नवाकोरा विळा घेऊन. त्यानं ताडपत्री ओढली. एकशेचाळीस रोपं जराशी मरगळून, पण शिस्तीत उभी होती. बाजूला डिझेलचा डबा.

आणि मग त्यानं काय केलं, तर वाट पाहिली. एकदा घड्याळ पाहिलं, एकदा पत्र्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. माणूस विळा घेऊन उभा, समोर रोपं उभी, आणि दोघंही सूर्याची वाट पाहतायत. फटीतून पहिलं ऊन आत आलं तसा श्रेयांस रोपांवर तुटून पडला. दाताला दात लावून, एका हातानं मुंड्या धरून, सपासप. काल मान कापतानाही तो असाच दिसला असेल, असं भिवाजींना वाटलं.

तिसरा ट्रे चालू असताना ते उभे राहिले. ठाणेदाराची वाट पाहायला हवी होती, पण पानं संपत चालली होती.

"सूर्य उगवला, पुनव लागली का, श्रेयांसभाऊ?"

विळा थांबला.

"काल चौदस होती," भिवाजी म्हणाले. "चोर बाहेरचा असता तं पानं कापून नेली असती. चंपा असती तं कापली असती. त्रिशलानं तं कालच दोन कापली. चौदसले हिरवं न कापनारा मानूसच कुंड्या उचलते. शेठजी पायतात, पन त्यायच्यानं कुंडी काय, काठी उचलत नाई. उरले तुमी. तुमी म्हनता पायत नाई. मंग मिरचीले काहून तोंड नाई लावलं?"

"काका, जा इथून."

"अन् नळ्या घ्याले आलो म्हनाले. चौदसले पान कापत नाई, तं रस कशाचा? नळ्या कशाच्या? जीप झाडायसाठी आली होती." ते एक पाऊल पुढं सरकले. "दवाखान्यात साप चावल्यावर जे इंजेक्शन देतात ना, ते घोड्याच्या रक्तातून काढतात. मले दोनदा देल्लं, डॉक्टरनंच सांगतलं. वाशीमच्या वाटेनं तुमी तेच नळ्यांत मिसळत होते. तीन महिने घोडा तपासून राह्यली ते पोरगी, अन् आकडे तुमचे. आज पावन्यायसमोर पान कापलं असतं तं घोडा निंघालाच नसता."

श्रेयांस हसला. तेच सगळ्यांच्या दोस्तीचं हसू. "सत्तर एकर गहाण टाकायले लावलं मी बाबांना या पानाच्या भरवशावर. अन् पानात काहीच नव्हतं, काका. पहिल्या दिवसापासून काहीच नव्हतं. म्या हात जोडले धनराजले. थांब म्हटलं, एक करार होऊ दे. तं म्हने, उद्या साऱ्यायसमोर कळनच. विळा समोर खुटीवर होता."

"मंग त्याच इळ्यानं पानं काहून नाई कापली?"

"नेम होता ना माहा!" तो एवढ्या मनापासून ओरडला, की भिवाजी दचकले. "चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी घेतला. करार होऊ दे, चार महिने आठम-चौदसले हिरव्याले धक्का नाई लावनार. घरी सांगतलं नाई, सांगतल्यानं फळ जाते म्हन्तात. कालच मोडला असता तं... करार गेला असता."

"अन् धनराज?"

"त्याचा नेम कुठं घेतला होता?"

हे तो गमतीनं म्हणत नव्हता. त्यानं खरोखर विचार करून उत्तर दिलं होतं. आणि उत्तर दिल्यावर तो धावून आला.

पहिला वार भिवाजींनी हातावर घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी उसवली, आणि रक्त पोत्यांवर पिचकारीसारखं उडालं. ते मागं पडले. श्रेयांस छातीवर बसला, विळा मानेच्या खाली सरकला. भिवाजींनी धनराजनं केलं तेच केलं. पातं मुठीत धरलं. पण दुसरा हात पोत्यात गेला होता. त्यांनी मूठभर चुनी त्याच्या डोळ्यांत कोंबली. श्रेयांस किंचाळला. आंधळेपणानं मारलेला विळा भिवाजींच्या कानाची पाळी घेऊन पोत्यात रुतला.

तेवढ्यात मागचं दार बिजागरीसकट आत पडलं. गोविंदसिंग कधीच कुलूप उघडायच्या भानगडीत पडत नसत. त्यांनी श्रेयांसला कॉलर धरून उचललं आणि भरड्याच्या लोखंडी चाकावर तोंडावर आपटलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा आपटताना भिवाजी जमिनीवरून म्हणाले, "बस ना ठाणेदार, तोंड वयखू आलं पाह्यजे कोर्टात."

बाहेर इंदरचंद उभे होते, पत्र्याआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना तिथं कोणी आणलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुलाला बेड्या घालून नेताना त्यांनी काठी उचलली. सगळ्यांना वाटलं, मारतात. त्यांनी काठीनं नुसतं त्याला बाजूला सारलं, रस्त्यातली वस्तू सारतात तसं. "देवाशी सौदा केला यानं," ते म्हणाले. "नेमाचा सौदा! आमच्या घरात हे कोनं शिकवलं याले?"

श्रेयांसच्या तुटलेल्या नाकातून रक्त गळत होतं. त्यानं वडिलांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर मागं राहिलेल्या चार ट्रेंवर होती.

५

दुपारी चंपाबाई सुटली. भिवाजींच्या हाताला बावीस टाके होते आणि डोक्याला बांधलेल्या पट्टीतून एक कान जरा कमी दिसत होता.

"घरी चाल," ते म्हणाले.

"किन्हीराजाले जाते."

"येडी झाली का? त्यायनं काल जीव घेतला असता तुहा!"

"मयताले जाऊ नाई का मंग? पोरगं चार वर्सं माह्यासंगं भाकर खाल्लं."

त्रिशला त्याच वेळी वाशीमहून आली, गाडी वाकडीतिकडी लावून धावत. तिनं उरलेल्या चार ट्रेंची पानं सकाळीच पिळली होती. तिला धाप लागली होती. "काका... घोडा नाही. पट्टी कोरी आहे. मी तीनदा केलं." आणि मग, "पण उतारा आहे. भरपूर आहे. धनराजनं या मांडणीची बुडवायची वेळ बदलली होती, त्याच्या वहीत आहे. सगळं ह्याच पानांत आलं. पहिल्यांदाच आलं. ते लोक आज आले असते तर..."

भिवाजी जीपच्या पायरीवर बसले. म्हणजे घोड्याचा संशय धनराजला असला, तरी काल दुपारी तो श्रेयांसला जे सांगत होता, ती उघडं पाडायची धमकी नव्हती. तो पोरगा आनंदात होता. उद्या साऱ्यायसमोर कळनच. आणि ऐकणाऱ्यानं खुंटीकडं पाहिलं.

किन्हीराजाला धनराजच्या दारात माणसं बसलेली होती. चंपाबाई जीपमधून उतरली तशी सगळी उठली. तिचा चेहरा वांग्यासारखा काळानिळा झाला होता. खरी बातमी पोचलेली होती, त्यामुळे कोणाला कुठं पाहावं ते कळेना. रामसिंग पुढं आला. काल याच हातात काठी होती. त्यानं हात जोडले. मग तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "मारा मले, मावशी."

लोकांना वाटलं, ती उठवेल त्याला. म्हाताऱ्या बाया तसंच करतात. चंपाबाईनं पदर खोचला, आणि सगळं अंग घालून त्याच्या थोबाडीत अशी भडकावली, की तो बसल्या जागी आडवा झाला आणि ओसरीवरचं कुत्रं उठून गेलं. भिवाजींनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती रामसिंगला दंडाला धरून उठवत होती.

"झालं," ती म्हणाली. "आता पानी पाज मले."

त्यानं पाणी आणलं. तिनं फुटक्या ओठांनी हळूहळू तांब्या संपवला आणि आत गेली. धनराजची बायको पंचफुला भिंतीला टेकून बसली होती. कोणाशी बोलत नव्हती, रडतही नव्हती. चंपाबाई तिच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसली.

बऱ्याच वेळानं पंचफुलानं विचारलं, "परवा रात्री झोपलेच नाई ते. म्हने, या बारीले झाडायनं ऐकलं माहं. खरं होतं का, मावशी? का उगीच म्हनत होते?"

"खरं होतं, माय," चंपाबाई म्हणाली. "ऐकलं झाडायनं."

तेव्हा कुठं पंचफुला रडली.